पोलिसाला देईन हं!

"जेव मुकाट्याने, नाही तर पोलिसाला देईन हं!" हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकले नाही असा मनुष्य आपल्याकडे शोधूनही सापडायचा नाही. माझ्या आईने ते मला ऐकवले, माझ्या पत्नीने आमच्या मुलांना ऐकवले आणि परवा माझी सून नातवाला वरणभात भरवताना तेच म्हणत होती. बागुलबुवा गेला, झोळीवाला गोसावी गेला; पोलीस मात्र अजून घरोघरच्या ताटासमोर उभा आहे.

मी पस्तीस वर्षे पुण्याच्या कोर्टात वकिली केली. तीही बहुतेक दिवाणी बाजूची: भावाभावांच्या वाटण्या, भाडेकरूंचे तंटे, शेताच्या बांधाची भांडणे. फौजदारीच्या वाटेला सहसा गेलो नाही. त्याचे कारण आजवर घरात कोणाला सांगितलेले नाही. या दिवाळीत ते सांगून टाकावे म्हणतो. कायद्याचे चार शब्द मला सांगायचे आहेतच. पण ज्या मुलाला आमच्या घराने खरोखरच पोलिसाला दिले, त्याची हकीकत सांगितल्यावाचून ते शब्द कोरडे वाटतील.

घड्याळ

साल १९६२. नारायण पेठेतला आमचा वाडा. पानशेतच्या पुराला वर्ष होत आले होते आणि खालच्या खोल्यांच्या भिंतींवर पाण्याची रेघ अजून दिसत होती. मी अकरा वर्षांचा. आमच्याकडे वरकामाला मुळशीकडचा एक मुलगा होता. माझ्याच वयाचा, फार तर वर्षाने मोठा. ओसरीवर निजायचा, पाणी भरायचा आणि दुपारी आईचा डोळा लागला की माझ्याशी गोट्या खेळायचा. त्याचे नाव मला पक्के आठवते. ते मी येथे लिहिणार नाही. का, ते पुढे येईल.

एके दिवशी आप्पांचे वेस्ट एंडचे मनगटी घड्याळ नाहीसे झाले. सासुरवाडीने लग्नात दिलेले घड्याळ ते! सगळा वाडा पालथा घातला. संध्याकाळी चौकीवर वर्दी गेली आणि जमादार आले. आईने चहा केला. जमादारांनी प्रथम मला विचारले, "काय बाळ, तू पाहिलंस का घड्याळ?" मी झोपाळ्यावर आप्पांना खेटून बसलो होतो. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. मी म्हणालो, "नाही." जमादार हसले, उरलेला चहा त्यांनी संपवला आणि ओसरीकडे वळून म्हणाले, "चल रे."

तुझे आईबाप कुठे, असे त्याला कोणी विचारले नाही. त्याच्याबरोबर कोणी गेले नाही. तो परतला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. भिंतीला धरून चालत होता. पोऱ्याने कबूल केले आहे, असे जमादारांनी सांगितले. घड्याळ नदीत टाकले म्हणतो. पण नदीवर नेले तेव्हा त्याने एकदा ओंकारेश्वरापाशी जागा दाखवली, एकदा लकडी पुलाखाली आणि एकदा त्याच्याही पलीकडे. "बिलंदर आहे लेकाचा," जमादार म्हणाले. आप्पांनी खटला होऊ दिला नाही. पगार चुकता करून पोराला गावी धाडले. वाड्यातल्या मंडळींनी आप्पांच्या मोठ्या मनाची तारीफ केली.

आता ते कारण. त्या दुपारी ते घड्याळ मी घेतले होते. हौदाच्या कठड्यावर बसून त्याची टिकटिक कानाशी धरून ऐकली होती. नंतर मी ते कोनाड्यात परत ठेवले अशी माझी समजूत आहे. साठ वर्षांहून अधिक काळ मी ती समजूत तपासून पाहतो आहे. ती काही पक्की होत नाही. घड्याळ कधीच सापडले नाही.

वाचकहो, प्रश्न दोघांनाही एकच होता. मी घाबरून "नाही" म्हणालो, तो घाबरून "हो" म्हणाला. माझे उत्तर खोटे होते हे मला ठाऊक आहे. एका घड्याळासाठी नदीत तीन जागा दाखवणाऱ्याचे उत्तर कितपत खरे असेल, ते तुम्हीच ठरवा. आम्हा दोघांत फरक होता तो पाठीवरच्या हाताचा.

कायदा तेव्हाही होता

मुलांसाठी वेगळा कायदा ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांचा कायदा झाला; स्वातंत्र्यानंतर १९४८ साली तो नव्याने केला गेला. म्हणजे आमच्या ओसरीवर जमादार उभे होते तेव्हाही मुलांसाठी एक कायदा पुस्तकात होता. वाड्यातल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता, इतकेच. पुढे शीला बारसे या पत्रकार बाईंनी तुरुंगांत खितपत पडलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि मुलांना तुरुंगात ठेवता कामा नये असे त्या न्यायालयाने १९८६ साली बजावले. त्याच साली सबंध देशासाठी पहिला बाल न्याय कायदा झाला. त्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंत आणि मुलगी अठरा वर्षांपर्यंत अज्ञान धरली जाई. २००० सालच्या कायद्याने दोघांचीही मर्यादा अठरा केली. आज चालतो तो २०१५ चा कायदा. १५ जानेवारी २०१६ पासून तो अमलात आहे.

या कायद्यांची कलमे मी निवृत्त झाल्यावर प्रथम नीट वाचली. हे सांगताना मला लाज वाटते. पण ती वाचली म्हणूनच एके रात्री उपयोगी पडली.

पहिला प्रश्न

२०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आता आम्ही कोथरूडला राहतो. रात्री नऊच्या सुमारास आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाई दारात उभ्या. चेहरा उतरलेला.

"काका, पोलीस ठाण्यातून फोन आला होता. उद्या दहाला पोराला घेऊन या म्हणतात. सोसायटीतली सायकल गेली ना, ती ह्यानंच नेली म्हणून."

मुलगा चौदा वर्षांचा, नववीत शिकणारा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर त्याचे कॅमेऱ्यात टिपलेले चित्र संध्याकाळीच फिरले होते. खाली एकाने लिहिले होते: "चोर सापडला." त्याला पंधरा जणांनी अंगठा दाखवून शाबासकी दिली होती.

मी ठाण्याला फोन लावला आणि नम्रपणे एकच प्रश्न विचारला: "साहेब, मुलाला माहिती द्यायला बोलावता आहात, की त्याच्यावर आरोप आहे म्हणून?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर आले, "अहो, नुसतं विचारायचंय."

मंडळी, हा प्रश्न कुठे तरी लिहून ठेवा. त्याच्या उत्तरावर पुढची सारी वाट अवलंबून असते.

मुलगा नुसता माहीतगार किंवा साक्षीदार असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७९ लागू होते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी ही संहिता १ जुलै २०२४ पासून आली. या कलमाखाली बोलावणे लेखी हुकमाने करायचे असते, नुसत्या फोनवर नव्हे. आणि पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाला, तसेच कोणत्याही स्त्रीला, राहत्या जागेखेरीज दुसरीकडे येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी येऊन विचारावे. नव्या संहितेत एक भर आहे: असा माणूस स्वखुशीने ठाण्यात यायला तयार असेल तर त्याला येऊ देता येते. तेव्हा "आम्ही आपण होऊन येतो" असे म्हणण्याआधी आईबापांनी थोडा विचार करावा. पोलिसांनी मुलाचा जबाब लिहून घेतला तरी त्यावर सही मागता येत नाही. तो नियम मोठ्यांनाही आहे.

मुलावर आरोप असेल, तर बाल न्याय कायदा लागू होतो आणि मुलाचे संरक्षण आणखी वाढते. मूल म्हणजे अठरा वर्षे पुरी न झालेला कोणीही. प्रत्येक पोलीस ठाण्यात निदान एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा लागतो आणि प्रत्येक जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक असावे लागते. मुलाशी बोलायचे ते यांनी, आणि तेही साध्या कपड्यांत, गणवेशात नव्हे. २०१६ च्या आदर्श नियमांत हे सारे बारकाईने लिहिले आहे. मुलाला बेडी घालायची नाही. गुन्हा कबूल करण्याची बळजबरी करायची नाही. जेथे पोलीस ठाण्याचा भास होणार नाही अशाच जागी त्याला प्रश्न विचारायचे. त्या वेळी आईवडिलांना किंवा पालकांना जवळ बसता येते. कसल्याही जबाबावर मुलाची सही मागायची नाही. आणि मोफत वकील मिळावा म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पोलिसांनीच कळवायचे.

मुलाला ताब्यात घेतले तर पालकांना कळवणे बंधनकारक आहे. कोठडीत किंवा तुरुंगात त्याला एक रात्रही ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, त्याला बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात. त्यांपैकी निदान एक स्त्री असते. गुन्हा जामिनाचा असो वा बिनजामिनाचा, मुलाला सोडणे हाच नियम. मूल वाईट संगतीत किंवा धोक्यात सापडेल, अगर सोडल्याने न्यायाचा हेतूच विफल होईल, असे सबळ कारण असेल तरच अपवाद. आणि तेव्हाही त्याची रवानगी निरीक्षणगृहात होते. किरकोळ गुन्ह्यात तर प्रथम खबरही नोंदवायची नसते. ठाण्याच्या डायरीत नोंद करून मंडळाला कळवायचे असते. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अघोर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याचा खटला मोठ्यांसारखा चालवावा की नाही याचा विचार मंडळ करू शकते. पण चौकशीच्या वेळचे त्याचे हक्क तेव्हाही कमी होत नाहीत.

फोनवर मी हे सगळे पुराण सांगितले नाही. एवढेच म्हटले, "मुलगा चौदा वर्षांचा आहे. आपल्या ठाण्यातल्या बाल कल्याण अधिकाऱ्यांशी बोलता येईल का? त्या म्हणतील तेव्हा तो आईसह घरी हजर राहील."

खाटेवरची चौकशी

दुसऱ्या दिवशी दुपारी एक महिला उपनिरीक्षक आल्या. अंगावर साधा पंजाबी पोशाख. बाईंची एक खोली; बसायला एकच खाट. उपनिरीक्षक खाटेवर, मुलगा त्यांच्यासमोर डब्यावर, आई त्याच्या मागे. मी दारात उभा. आईचा हात कुठे होता, ते मी मुद्दाम पाहिले. तो त्याच्या पाठीवर होता.

त्यांनी शाळेचा दाखला पाहिला. मग अभ्यास, क्रिकेट, असे काहीबाही विचारून झाल्यावर म्हणाल्या, "आता सायकलचं सांग. घाई नाही."

पोर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नेली होती."

एक चक्कर मारून परत ठेवायची, असा त्याचा बेत. वाटेत चाक पंक्चर झाले. पंक्चरवाल्याकडे दिली, तर द्यायला पैसे नाहीत. पैसे आणल्याशिवाय तो सायकल देईना; आणि आईकडे मागावे तर तिला सगळे सांगावे लागणार. असे चार दिवस गेले आणि सायकल चोरीची ठरली. आम्ही सगळे पंक्चरवाल्याकडे गेलो. सायकल तेथे भिंतीला टेकून उभी होती. मालकाने तक्रार पुढे नेली नाही. डायरीत नोंद झाली आणि प्रकरण मिटले. आईने घरी गेल्यावर त्याला दोन धपाटे घातले म्हणतात; ते कायद्याला सोडून असले तरी मी कळवायला गेलो नाही.

त्या संध्याकाळी मी बराच वेळ गॅलरीत बसून होतो. हा मुलगा निर्दोष नव्हता. न विचारता दुसऱ्याची वस्तू त्याने नेलीच होती. पण आई मागे होती, समोरची बाई सावकाश विचारत होती, म्हणून अर्ध्या तासात खरे बाहेर आले. हाच मुलगा दहा वाजता ठाण्याच्या बाकावर एकटा बसला असता, तर सायकल कोणत्या नदीत टाकली म्हणाला असता, कोण जाणे! मुलांचे हे हक्क म्हणजे चोराला पाठीशी घालणे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. पण धाक घालून वदवलेल्या शब्दाचा भरवसा कायद्यालाही नाही. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे तत्त्व आपल्याकडे इंग्रजी अमदानीपासून आहे. आज ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. राज्यघटनेचे कलम २० तर सांगते की आरोप असलेल्या कोणावरही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होता कामा नये. त्यात वयाची अट नाही.

हे कोणासाठी?

येथे एक राग मनात येतो. तो लपवण्यात अर्थ नाही. मे २०२४ मध्ये आमच्याच पुण्यात, कल्याणीनगरला, भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मोटार चालवल्याचा आरोप होता तो अठराच्या आतल्या मुलावर. काही तासांतच त्याला जामीन मिळाला आणि त्याच्या अटींत अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध होता, हे कळल्यावर सारे शहर पेटून उठले. "कायदा श्रीमंतांच्या पोरांसाठी," असे रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे म्हणत होते.

मीही चिडलो होतो. पण विचार करता वाटले, आपला राग चुकीच्या जागी जाऊ नये. रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप, वशिल्याच्या गोष्टी, यांबद्दल संताप हवाच. मात्र मुलाला मूल म्हणून वागवणारी कलमेच काढून टाका म्हणू लागलो, तर त्याचा फटका कोणाला बसेल? श्रीमंताचा मुलगा वकिलांच्या ताफ्यासह ठाण्यात जातो. त्याला ही कलमे कोणी सांगावी लागत नाहीत. ती लागतात पोळ्या करणाऱ्या बाईंच्या मुलाला. आणि त्याच्यापर्यंत ती पोहोचतात केव्हा, तर शेजारचा एखादा शहाणा मनुष्य फोन उचलतो तेव्हा.

आणखी दोन गोष्टी

ज्या मुलावर अत्याचार झाला आहे, त्यालाही पोलिसांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते. त्याच्यासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. त्याचा जबाब त्याच्या घरी किंवा ते म्हणेल त्या जागी घ्यायचा. होता होईल तो उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाची नसलेली महिला अधिकारी असावी. अंगावर गणवेश नसावा. आईवडील किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे असे माणूस जवळ असावे. आणि कसल्याही कारणाने मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवू नये.

दुसरी गोष्ट नावाची. चौकशीत किंवा प्रकरणात सापडलेल्या मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा, चित्र, काहीही प्रसिद्ध करणे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलमात वर्तमानपत्रांबरोबर संपर्काची इतर साधनेही येतात. आमच्या सोसायटीच्या सभेत मी हे वाचून दाखवले. "चोर सापडला" लिहिणाऱ्या गृहस्थांनी चित्र तेथल्या तेथे काढून टाकले. पुढच्या रविवारी त्यांनी त्या मुलाला आपल्या मुलाची जुनी सायकल देऊ केली. मुलाने ती घेतली नाही. त्याचेही मला नवल वाटले नाही.

वाड्यातल्या त्या मुलाचे नाव मी का लिहिले नाही, ते आता ध्यानात आले असेल. १९६२ साली वाड्यातल्या प्रत्येकाने त्याच्या नावापुढे "चोर" हा शब्द जोडला होता. निदान मी तरी त्याचे नाव तशा गोष्टीत पुन्हा छापू नये.

तेव्हा या दिवाळीत फराळाची ताटे वाटायला जाल, तेव्हा थोडी माहितीही वाटा. मुलांच्या शाळेच्या दाखल्याची आणि जन्मदाखल्याची एकेक प्रत हाताशी ठेवायला सांगा; वय सिद्ध करायला हेच कागद लागतात. १०९८ हा मुलांच्या मदतीचा आणि १५१०० हा मोफत कायदेशीर सल्ल्याचा क्रमांक दाराआड लिहून ठेवायला सांगा. आपल्या मुलांना शिकवा की कोणी विचारले तर खोटे बोलू नये, उद्धटपणा करू नये. पण "माझ्या आईला किंवा बाबांना बोलवा, मग सांगतो" असे म्हणण्यात काहीच गैर नाही. आणि हे आपल्या मुलाला सांगाल तेव्हा भांडी घासणाऱ्या बाईंच्या मुलाला, इस्त्रीवाल्याच्या मुलीला, रखवालदाराच्या पोरालाही सांगा.

परवा सून पुन्हा नातवाला म्हणाली, "जेव, नाही तर पोलिसाला देईन हं!" मी म्हटले, "अगं, त्यापेक्षा बागुलबुवाला दे. उद्या हा जत्रेत चुकला तर धावत जायला पोलिसाखेरीज कोण आहे? त्यालाच भ्यायला शिकलं तर पोर जाणार कुठे?"

ती हसली. नातवाने मात्र मला गंभीरपणे विचारले, "आजोबा, तुम्हाला पोलिसाला दिलं होतं का कधी?"

"नाही रे," मी म्हणालो. या वेळी उत्तर खरे होते. पण पुढचे सगळे त्याला सांगायला अजून पाचसहा वर्षे थांबावे लागेल.